भाड्याच्या जागांचे सॉफ्टवेअर: सर्चमध्ये नाव सापडत नाही आणि फिल्टरची यादी जुळत नाही, तेव्हा काय पाहावे

आपण लिहिता की लातुरात काकांच्या आणि आणखी चार मालकांच्या मिळून सुमारे १८० जागा आपण सांभाळता. त्यांत गंजगोलाईजवळचे दुकानगाळे आहेत, औसा रोड आणि अंबाजोगाई रोडवरचे फ्लॅट आहेत, आणि क्लासच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या खोल्या आहेत. वर्षभरापूर्वी सॉफ्टवेअर घेतले, एक्सेलमधली सगळी यादी त्यात चढवली, आणि आता तीन तक्रारी आहेत. भाडेकरूचे नाव टाकले तर कधी सापडते, कधी सापडत नाही. जूनमध्ये संपणाऱ्या करारांचे फिल्टर लावले तर ११ करार आले, वहीत मात्र १९ निघाले. थकबाकीची बेरीज बँकेच्या पासबुकाशी एकदाही जुळली नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलावे का, असा आपला प्रश्न आहे.

एवढ्यात बदलू नका, असे माझे मत आहे. मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षे हेच काम करते. मालक पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात आणि घर किंवा गाळा इथे, अशा लोकांच्या जवळपास ४०० जागा माझ्याकडे आहेत. आधी वही, मग एक्सेल, मग सॉफ्टवेअर असा प्रवास मीही केला आहे, आणि मधल्या काळात एकदा सॉफ्टवेअर बदलूनही पाहिले आहे. जुन्यातल्या चुका नव्यात जशाच्या तशा आल्या, फक्त पडदा अधिक देखणा झाला.

अर्थात आपले सॉफ्टवेअर मराठी अक्षरे कशी साठवते, पत्ता आणि नाव वेगळ्या रकान्यांत आहेत की एकाच, आणि एक्सेलमधून माहिती कुणी आणि कशी चढवली, यावर बरेच अवलंबून आहे. ते पाहिल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. तरी तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे असे मला वाटते. सर्च किंवा फिल्टर यांना जागा दिसत नाही आणि भाडेकरूही दिसत नाही. रकान्यात आपण जे टाइप केले तेवढेच दिसते. तिथे काही नसेल किंवा वेगळ्या रूपात असेल, तर ती नोंद यादीतून गळते, आणि गळली असे कुठेही लिहून येत नाही.

सर्च आणि फिल्टर यांत आपण फरक करत नाही असे पत्रावरून जाणवते, म्हणून तो आधी सांगते. ज्याला आपण ओळखतो त्याला गाठण्यासाठी सर्च असतो. कोण कोण आहेत हे आपल्याला माहीत नसते तेव्हा फिल्टर लागतो. सर्च फसला तर लगेच कळते, कारण तो माणूस मागच्याच आठवड्यात चहाला समोर बसलेला असतो आणि पडद्यावर मात्र ‘नोंद आढळली नाही’ असे येते. फिल्टर फसला तर कळत नाही. तो ११ नावांची व्यवस्थित यादी देतो, ती यादी खरी वाटते, आणि उरलेली आठ नावे आपल्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडे वही होती म्हणून आकडा चुकल्याचे समजले. वही बंद करण्याची घाई केली नाही हे फार चांगले झाले; अजून सहा महिने ती चालू ठेवा.

आता सर्चचे पाहू. आपल्याकडे एकाच नावाची लिहिण्याची रूपे किती, याचा विचार नोंद करताना कुणी करत नाही. ‘क्षीरसागर’ आणि ‘क्षिरसागर’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी आडनावे आहेत. इंग्रजीत नोंद करणाऱ्यांची अडचण आणखी मोठी, कारण शेख, सय्यद, चौधरी ही आडनावे आधारकार्डावर एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या आणि करारात तिसऱ्या स्पेलिंगने असतात, आणि तिन्ही स्पेलिंगे त्या माणसाच्या दृष्टीने बरोबरच असतात. काही चुका तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘गोऱ्हे’ किंवा ‘वऱ्हाडे’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो: एक प्रकार ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मोबाइलच्या कीबोर्डने एक प्रकार टाइप केला आणि कार्यालयातल्या संगणकाने दुसरा, तर सर्च ‘गोऱ्हे नाहीत’ असे सांगून मोकळा होतो. ‘ॲड.’मधल्या ‘ॲ’चेही तसेच आहे, तो एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही होतो. चांगली सॉफ्टवेअरे हे फरक आतल्या आत मिटवून घेतात. आपले घेते की नाही, हे दोन्ही प्रकारांनी नाव टाकून पाच मिनिटांत तपासता येईल. एक्सेलची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर मात्र ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावीच लागेल, त्याला पर्याय नाही.

यावर मी काढलेला तोडगा असा की नावाने शोधायचेच नाही, निदान पहिल्या प्रयत्नात तरी नाही. माझ्या कार्यालयातली दोन्ही मुले मोबाइलचे शेवटचे सहा आकडे टाकून शोधतात. पूर्ण क्रमांक टाकू नये, कारण कुणी आधी ‘+९१’ लावलेले असते, कुणी शून्य, कुणी पाच आकड्यांनंतर जागा सोडलेली असते. ही जागा बरोबर मध्यभागी असेल तर सहा आकडेही चुकतात, तेव्हा पाचच टाकावेत. भाड्याच्या प्रत्येक जागेला आम्ही एक छोटा संकेतांक दिला आहे आणि तो किल्लीच्या बिल्ल्यावर, करारावर आणि सॉफ्टवेअरमध्ये एकाच रूपात लिहितो. दुकानगाळ्यांच्या बाबतीत जीएसटी क्रमांकाचा उपयोग होतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. त्या १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. म्हणून सर्चमध्ये ‘यात समाविष्ट आहे’ असा पर्याय निवडून नुसता पॅन टाकला तरी त्याच मालकाची दोन वेगळ्या नावांनी चालणारी दुकाने एकत्र सापडतात.

महावितरणच्या ग्राहक क्रमांकाने शोधणेही सोयीचे असते, कारण वीजबिल हातात घेऊन मीटर कुणाचा हे विचारणारा माणूस आठवड्याला एक तरी येतोच. पण एक्सेलमधून माहिती चढवली असेल तर हा रकाना आधी तपासा. तो क्रमांक १२ आकडी असतो, आणि एक्सेल एवढ्या मोठ्या आकड्याला साधी संख्या समजून दशांश-घातांकाच्या आखूड रूपात दाखवते. त्या अवस्थेत यादी चढवली गेली असेल, तर रकान्यात ‘४.९’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘११’ असे काहीतरी विचित्र बसलेले असेल, आणि त्या क्रमांकाने काहीही सापडणार नाही. एक्सेलमध्ये तो रकाना आधी पूर्ण १२ आकडे दिसतील असा करून मग पुन्हा चढवावा लागतो.

पत्त्याचा सर्च हा आपल्या भागात स्वतंत्र विषय आहे. माझ्याकडे कुणी ‘बीड’ टाकले तर बीड शहरातल्या मालकांबरोबर बीड बायपासवरचे सगळे फ्लॅट येतात. ‘सातारा’ टाकले तर सातारा परिसरातली घरे येतात, आणि त्यांत साताऱ्याहून बदली होऊन आलेला एक भाडेकरूही असतो. सिडकोतल्या ‘एन-४’चे तर आमच्या जुन्या यादीत पाच अवतार होते: मध्ये रेघ असलेला, रेघेविना, जागा सोडलेला, मराठी आकड्याचा, इंग्रजी आकड्याचा. वर शहराचे नाव बदलले. २०२३ पासून औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे जुने करार एका नावाने आणि नवे दुसऱ्या नावाने आहेत. जुन्या कराराची प्रत बदलायची नसते, पण सॉफ्टवेअरमधला शहराचा रकाना मी एकसारखा करून घेतला, आणि तोवर पिनकोडने शोधत राहिले, कारण नाव बदलले तरी पिनकोड बदलला नव्हता.

लातुरात हे आपल्याला अधिकच जाणवत असणार. अंबाजोगाई रोड, नांदेड रोड, बार्शी रोड ही जागांच्या पत्त्यातली नावे, आणि आपल्याकडे शिकायला येणारी मुले त्याच अंबाजोगाईची, नांदेडची, बार्शीची. सर्चची एकच पेटी सगळे रकाने चाळत असेल, तर ‘नांदेड’ टाकल्यावर नांदेड रोडवरच्या खोल्या आणि नांदेडच्या मुलांनी घेतलेल्या औसा रोडवरच्या खोल्या अशी सरमिसळ येणारच. ही सर्चची चूक नव्हे. जागेचा पत्ता आणि भाडेकरूचा मूळ पत्ता असे दोन रकाने करा, आणि भागाचे नाव हाताने टाइप करायला न देता ठरावीक यादीतून निवडायला लावा. माझ्या मते अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये एकच सुधारणा करायची असेल तर ती हीच. हाताने टाइप केलेला रकाना वाचायला चांगला असतो, पण फिल्टर लावायला निरुपयोगी असतो.

आता आपल्या १९ आणि ११ च्या प्रश्नाकडे येते. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात पैशांबरोबर कायदाही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. करार संपला, भाडेकरू तसाच राहिला, आणि नवा करार झालाच नाही, असे जे घर असते तेच उद्या अडचणीत आणते. तेव्हा यादीतून गळलेली आठ नावे ही नुसती आकड्यांची तफावत नाही.

ती कशी गळली असतील, याचा अंदाज मी माझ्याच अनुभवावरून बांधते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच संशय आला, तेव्हा मी एका दुपारी कागद घेऊन बसले. एकूण जागा ३९६, त्यांपैकी रिकाम्या २७, म्हणजे चालू करार ३६९ असायला हवे होते. ‘३० जूनपर्यंत संपणारे’ असे फिल्टर लावले, ४१ आले. ‘१ जुलैपासून पुढे संपणारे’ असे लावले, ३०२ आले. बेरीज ३४३. जो करार जूनअखेरपर्यंत संपत नाही तो जुलैपासून पुढे कधीतरी संपणारच, तिसरी शक्यता नाही. मग २६ करार गेले कुठे? त्यांतल्या १५ नोंदींत समाप्तीची तारीख लिहिलेलीच नव्हती. रिकाम्या रकान्यातली नोंद ‘पूर्वी’मध्येही येत नाही आणि ‘नंतर’मध्येही येत नाही. उरलेल्या ११ नोंदींत तारीख दिसत होती, पण संगणकाच्या लेखी ती तारीख नव्हती, नुसती अक्षरे होती.

हा दुसरा प्रकार आपल्याकडे नक्की असेल, म्हणून तो सविस्तर सांगते. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. एक्सेल ज्या संगणकावर होते त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, म्हणजे महिना आधी, तर ‘०५/०६’ ही ५ जून न राहता ६ मे होते. ‘३०/०६’ला मात्र काहीच अर्थ लागत नाही, कारण तिसावा महिना नसतो; मग ती तारीख अक्षरे म्हणून तशीच पडून राहते. आपले ११ महिन्यांचे करार बहुधा पहिल्या तारखेला सुरू होऊन महिनाअखेरीस संपतात, १ ऑगस्टचा करार ३० जूनला. म्हणजे नेमक्या ज्या तारखा आपल्याला हव्यात त्याच गळतात. ओळखायची सोपी खूण अशी की एक्सेलमध्ये खऱ्या तारखा आपोआप रकान्याच्या उजव्या कडेला चिकटतात आणि अक्षरे डाव्या कडेला. मूळ फाइल उघडून तो एक रकाना वरून खाली बघा. डावीकडे सरकलेल्या ओळी लगेच डोळ्यांत भरतील. उजवीकडच्याही सगळ्या बरोबर असतील असे नाही, कारण मेची झालेली जूनची तारीख उजवीकडेच दिसते. ती कागदी कराराशी ताडूनच सापडते.

आणखी एक शक्यता आहे. आपण ‘जूनमध्ये संपणारे’ असे लिहिता, म्हणजे फिल्टर बहुधा १ जून ते ३० जून असे लावले असावे. जे करार मागच्या मार्चमध्येच संपले आणि भाडेकरू आजही आत आहे, ते यात येणार नाहीत, आणि वहीत मात्र आपण त्यांना ‘जूनला नवे करायचे’ म्हणून लिहून ठेवले असेल. म्हणून मी ‘पासून’ची पेटी रिकामी ठेवते आणि फक्त ‘पर्यंत’ भरते. त्यामुळे आधीच संपलेले करारही वर येतात, आणि खरे तर त्यांनाच आधी फोन करायचा असतो. आलेली यादी समाप्तीच्या तारखेने क्रमवार लावून पहिल्या आणि शेवटच्या पाच ओळी नजरेखालून घालणे ही माझी सवय आहे. वर सांगितलेल्या ३०२ करारांत तीन करार २०५२ साली संपणारे निघाले. २०२५चे आकडे उलटसुलट झाले होते, एवढेच.

थोडक्यात, कोणतेही फिल्टर लावले की त्याच्या बरोबर उलटे फिल्टर लावावे, तिसऱ्यांदा तोच रकाना ‘रिकामा’ असलेल्या नोंदी काढाव्यात, आणि तिन्हींची बेरीज एकूण जागांशी ताडावी. ‘दुकान नाही’ असे फिल्टर लावले म्हणजे दुकाने सोडून बाकी सगळे येईल, असे आपल्याला वाटते. पण जागेचा प्रकारच लिहिलेला नसेल तर पुष्कळ सॉफ्टवेअरे ती नोंद त्यातही दाखवत नाहीत. बेरीज जुळली की मग यादीवर विश्वास ठेवावा.

थकबाकीच्या बाबतीत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींशी ताडत आहात असे मला वाटते. सॉफ्टवेअरमधली थकबाकी ‘कोणत्या महिन्याचे भाडे’ यावरून निघते, आणि पासबुक ‘कोणत्या तारखेला जमा’ हे सांगते. जूनचे भाडे ४ जुलैला आले तर ते सॉफ्टवेअरमध्ये जूनच्या खात्यात आणि पासबुकात जुलैच्या पानावर असते, आणि दोन्ही बरोबर असतात. पासबुकाशी ताडायचे असेल तर थकबाकीची यादी घेऊच नका. जमा पावत्यांची यादी घ्या आणि तिला पावतीच्या तारखेचे फिल्टर लावा. तरी शेवटच्या दिवसाचे पैसे कमी दिसले, तर ‘३१ तारखेपर्यंत’ याचा अर्थ आपले सॉफ्टवेअर ‘३१ तारीख सुरू होईपर्यंत’ असा घेत आहे का, हे तपासा. पावतीबरोबर वेळही साठवली जात असेल तर ३१ला सकाळी आलेले यूपीआयचे पैसे यादीच्या बाहेर राहतात. पुढची तारीख टाकून पाहिले की कळते.

दुकाने आणि कार्यालये कंपन्यांना दिलेली असतील तर आणखी एक गाठ असते. महिना ६०,००० रुपये भाडे असेल तर कंपनी १० टक्के टीडीएस कापून ५४,००० जमा करते. उरलेले ६,००० आयकर खात्यात मालकाच्या नावे भरले जातात, पण सॉफ्टवेअरला ते न सांगितल्यास वर्षअखेरीस त्या कंपनीच्या नावावर ७२,००० रुपयांची थकबाकी उभी राहते. आमच्याकडे एका बड्या भाडेकरूला या ‘थकबाकी’साठी पत्र गेले होते, आणि त्यांच्या लेखापालाने फार सौम्य शब्दांत आम्हाला समजावून सांगितले. तेव्हापासून टीडीएसचा वेगळा रकाना आहे. अनामत रक्कम भाड्याच्या जमेत मोजली जात नाही ना, तेही एकदा पाहून घ्या. आणि भाड्याची स्थिती ‘आले’ आणि ‘नाही आले’ अशी दोनच ठेवू नका, कारण आपल्याकडे निम्मे भाडे आज आणि निम्मे बाजारच्या दिवसानंतर देणारे दुकानदार पुष्कळ असतात. फिल्टर स्थितीवर न लावता ‘बाकी रक्कम शून्यापेक्षा जास्त’ असे लावले की हा गोंधळच उरत नाही.

मला याहून महागात पडलेली चूक वेगळीच होती. थकबाकीदारांची यादी फिल्टरने काढली, ३४ नावे आली, वरच्या चौकोनात खूण करून ‘सर्व निवडा’ केले आणि भाडे थकल्याचा संदेश पाठवला. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्व’ म्हणजे फिल्टरमधले सर्व नव्हते, खात्यातले सर्व होते. महिन्याच्या १ तारखेलाच न चुकता भाडे देणारे एक निवृत्त मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी पावत्यांची फाइल घेऊन आले आणि अर्धा तास काही न बोलता एकेक पावती माझ्या टेबलावर मांडत राहिले. आता पाठवण्याच्या बटणाजवळ किती जणांना जाणार हा आकडा दिसल्याशिवाय आणि तो यादीतल्या आकड्याशी जुळल्याशिवाय आमच्याकडे संदेश जात नाही. काही सॉफ्टवेअरांत नेमके उलटे असते: ‘सर्व निवडा’ फक्त त्या पानावरच्या २५ नावांनाच लागू होते. यादी एक्सेलमध्ये उतरवतानाही हाच प्रश्न येतो, म्हणून उतरवलेल्या फाइलच्या ओळी मोजा.

कोणते रकाने ठेवावेत याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत म्हणून पाण्याचे सांगते. बाहेरची तयार सॉफ्टवेअरे लिफ्ट, पार्किंग, जिम असे फिल्टर देतात. आपल्याकडे फोनवर पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात हे मी आपल्याला सांगायला नको. सुरुवातीला आम्ही ते शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होतो: ‘बोअर आहे पण मेनंतर कमी’, ‘टँकर सोसायटीचा’, ‘नळ चौथ्या दिवशी’. वाचायला सगळे स्पष्ट होते, पण एप्रिलमध्ये ‘टँकरचा खर्च भाडेकरूवर नाही अशा खोल्या दाखवा’ असे कुणी म्हटले की एकही खोली फिल्टरने निघत नसे. आता त्याचे तीन रकाने आहेत: नळ किती दिवसांनी येतो ही संख्या, बोअर वर्षभर, हंगामी की नाही, आणि टँकरचा खर्च मालकाचा, भाडेकरूचा की वाटून. तिन्ही यादीतून निवडायचे. शेरा आजही आहे, पण त्यावर फिल्टर लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. याच सोयीने ‘किराया’ आणि ‘भाडे’ हा घरगुती वादही मिटला. एक मुलगा सगळीकडे ‘किराया’ लिहायचा आणि दुसरा ‘भाडे’, आणि शेऱ्यात शोधताना दोघांना एकमेकांचे लिहिलेले सापडत नसे. रकाने फार वाढवू नका मात्र. जो रकाना कुणी भरत नाही तो रिकामा राहतो, आणि रिकाम्या रकान्याने काय होते ते वर आलेच आहे.

खोल्यांच्या बाबतीत आणखी एक ठरवून घ्यावे लागेल. एका खोलीत तीन मुले असतील आणि प्रत्येकाचे भाडे वेगळे येत असेल, तर ‘जागा’ म्हणजे खोली की खाट? खोली धरली तर दोन खाटा रिकाम्या असूनही ‘रिकाम्या जागा’ या फिल्टरमध्ये ती खोली येणार नाही. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असताना अशी खाट पडून राहणे म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षाचे नुकसान. मी आपल्या जागी असते तर खाटेलाच स्वतंत्र संकेतांक दिला असता.

तयार फिल्टर जतन करून ठेवण्याची सोय असेल तर अवश्य वापरा, पण नावे अशी द्या की महिन्याने वाचूनही कळावे. आमच्याकडे एका फिल्टरचे नाव ‘नवीन २’ होते, आणि ते कशासाठी केले होते ते आजतागायत कुणाला सांगता आलेले नाही. कालचे फिल्टर आज उघडतानाही लागूच राहते का, हे पाहून घ्या. सकाळी आलेला माणूस ‘औसा रोड’चे फिल्टर लागलेल्या पडद्यावर अंबाजोगाई रोडचा फ्लॅट शोधत बसतो आणि नोंदच उडाली म्हणून घाबरतो. आमच्या मुलांना सवय लावली आहे की काही सापडले नाही तर आधी ‘सर्व फिल्टर काढा’ दाबायचे, मग मला हाक मारायची.

आता आपण काय करावे, तर वहीतल्या १९ पैकी जी आठ नावे यादीत आली नाहीत ती एका कागदावर काढा आणि मोबाइलच्या शेवटच्या आकड्यांवरून प्रत्येकाची नोंद उघडून समाप्तीच्या तारखेसमोर नेमके काय आहे ते लिहा: रिकामे, अक्षरे, चुकीचे साल, की आधीच उलटून गेलेली तारीख. तासाभराचे काम आहे. आठही रकान्यांत ३० जून ही तारीख, तारीख म्हणूनच बरोबर लिहिलेली असेल आणि तरीही ती नावे यादीत येत नसतील, तर दोष सॉफ्टवेअरचा. मग विक्रेत्याला बोलावून त्याच आठ नोंदी त्याच्यासमोर उघडा, आणि त्याला उत्तर देता आले नाही तर बदलण्याचा विचार करा.